काचेमागचा पावसाळा

जुलै, तुंगार्ली. भिंतीवरचा भाजे लेण्यांचा फोटो खाली काढला. वरचा डावा कोपरा काचेला चिकटलाय, ओला असल्यासारखा चमकतोय. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत फुगून मऊ होतो आणि काचेला टेकलेला असला की तिथेच ठाण मांडतो. अशा वेळी ओढायचं नसतं, आधी काचेसकट स्कॅन करून घ्यायचं असतं. मी ओढला. आता चैत्याच्या कमानीत नखाएवढं पांढरं भोक.

*

माउंट म्हणजे निव्वळ शोभा, असं वाटायचं. फ्रेमवाला ‘त्याचे वेगळे पैसे पडतील’ म्हणाल्यावर मीच नको म्हणालो होतो. जेमतेम दीड मिलिमीटरचा पुठ्ठा, पण तेवढ्यानं काच आणि फोटो एकमेकांना शिवत नाहीत.

*

मळवली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, तो १८९९ साली इथे आला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. १९७२ च्या आगीत गेला. आमच्या आजीकडे रविवर्म्याची लक्ष्मी होती. साडीच्या काठाला कुणीतरी हौसेनं खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या. त्या उंचवट्यामुळे काच चित्राला टेकलीच नाही. लक्ष्मी अजून टवटवीत आहे. शेजारच्या फोटोतल्या आजोबांना टिकल्या नव्हत्या. त्यांच्या कोटावर बुरशी चढली.

*

नव्या फ्रेमसाठी: बोर्ड आम्लमुक्त हवा, साध्या पुठ्ठ्याची कापलेली कड पिवळी पडते आणि तो पिवळेपणा फोटोत उतरतो. सेलोटेप अजिबात नको. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाची खळ, तीही फक्त वरच्या कडेला. खाली फोटो मोकळा. कागद पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारी बाजूंनी जखडला की लाटा आल्याच. माउंटची खिडकी ४५ अंशात तिरकी कापायची, खालची पट्टी अर्धा इंच जास्त. चारी बाजू सारख्या ठेवल्या तर फोटो घसरल्यासारखा दिसतो.

*

फ्रेमवाल्यानं यादी शांतपणे ऐकली. “सगळं करतो काका. पण ती पावसाच्या तोंडची भिंत सोडा. तिथं गणपतीलासुद्धा बुरशी येते.”

भिंत एकच मोकळी आहे. बाटलीच्या बुचाचे काप करून फ्रेममागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना चिकटवले. मागे बोटभर फट राहिली. उरलेले दोन काप गणपतीच्या तसबिरीला लावले.