त्यामा आवाज शे का?

तो आवाज परत आला, भो. 22 नोव्हेंबर 2024, शुक्रवार. कापसाचा हंगाम भरात होता. हायवेच्या कडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना रुईचे पुंजके लटकले होते आणि जिनिंगची घरघर रात्रभर शिरपूरच्या उशाशी चालू होती. मी गच्चीवर खाट टाकली, तुझेच हेडफोन कानाला लावले आणि ओपेथचा नवा अल्बम सुरू केला, ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’. पहिल्याच गाण्यात मिकाएल ओकरफेल्ट पोटाच्या तळातून गुरगुरला. सोळा वर्षांनी. 2008 च्या ‘वॉटरशेड’नंतर त्यानं अल्बमवर तो आवाज काढला नव्हता. ‘हेरिटेज’ आला, ‘पेल कम्युनियन’ आला, ‘सॉर्सरेस’ आला, ‘इन कॉडा व्हेनेनम’ आला. दर वेळी तू पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, पुढच्यात येईल.

मी उठून बसलो आणि तुला फोन लावायला मोबाईल हातात घेतला. तुला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.

धुळ्याला नेताना, सावळद्याच्या पुलावर, खाली तापी आणि वर फेब्रुवारीतलं फिकं ऊन, तिथंच तुझा हात सैल पडला असं तुझा भाऊ सांगतो. एकोणचाळीस वर्षं. हृदयविकार. कागदावर एवढंच लिहिलेलं आहे.

पाचव्या दिवशी गंधमुक्ती आटोपली. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाचा हरभरा काढणीला आला होता. मी कुणाला दोष देत नाही. पण त्या पाच दिवसांत दारावर बसायला आलेल्या माणसांत एक म्हातारे बाबा होते, सातपुड्याकडच्या पाड्यावरचे. त्यांच्या नातवाचा मोबाईल तू पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचास. ते दुपारी आले, ओट्यावर भिंतीला टेकून बसले आणि ऊन उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उठताना तुझ्या आईसमोर हात जोडले आणि एसटी गाठायला निघून गेले. बाकी सगळे समजूत घालत होते: देवाची इच्छा, एवढंच आयुष्य होतं, आता स्वतःला सांभाळा. त्या दुपारी मला उमगलं, वीस वर्षं आपण दोघं काय ऐकत होतो ते. डूम मेटल समजूत घालत नाही. ते येऊन बसतं.

स्टँडजवळचं तुझं दुकान. दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारं. ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ ही पाटी तूच लाल रंगानं रंगवली होतीस. दिवसभर तू लोकांच्या मोबाईलमध्ये अहिराणी गाणी भरायचास, श्रावण आला की कानबाईची, लग्नसराईत बँडवाल्यांना लागतील ती. तुझ्या संगणकात नीट फोल्डर होते: खान्देशी, कानबाई, लग्न, भजन. आणि सगळ्यांत खाली एक, ‘रात्र’. शटर अर्धं खाली आलं की ते उघडायचं. कँडलमास त्यात होतं, माय डाइंग ब्राइड, पॅराडाइज लॉस्ट, अनाथेमा होतं, मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचं ‘द रिटर्न टू डार्कनेस’ होतं, पुढं मुंबईच्याच डर्जचं ‘आह पुच’ आलं. पुण्या-मुंबईत शिकायला गेलेली पोरं पेनड्राइव्हमध्ये आणायची आणि तू ते जपून, वर्षं टाकून, नावं दुरुस्त करून ठेवायचास. कुणी विचारलं नाही तर सांगायचं नाही, पण विचारलं तर पूर्ण अल्बम द्यायचा, एकटं गाणं नाही, हा तुझा नियम. अर्धा अल्बम देणं म्हणजे अर्ध्या रस्त्यात उतरवून देणं, असं तू म्हणायचास.

आपल्या गल्लीत एक काका होते, जिनिंगच्या यंत्रात दोन बोटं गेलेले. त्यांच्याकडे बघून तू मला पहिल्यांदा ब्लॅक सॅबथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितलीस. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रानं तोडली. तो डावखुरा. तारा दाबायचा हात उजवाच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांना चामडं लावलं, हलक्या तारा शोधल्या, आणि पुढं तारा सैल सोडल्या. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये गिटार तीन अर्धस्वर खाली उतरलेली आहे. तार सैल झाली की आवाज जड होतो, जमिनीला लागतो. 13 फेब्रुवारी 1970 ला ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला तेव्हा तो पाऊस आणि घंटेच्या आवाजानं सुरू झाला होता. तिथपासून आजपर्यंतचं सगळं डूम एका कामगाराच्या जखमी हातावर उभं आहे. कापसाच्या गावात बसून ते समजायला आपल्याला वेगळा अभ्यास लागला नाही.

होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचा बाजार भरतो, तिथं तू मला ओढत न्यायचास. पावरा लोकांचे ते मोठे ढोल. एकेक ढोल माणसाच्या पोटापेक्षा रुंद, आणि त्याचा घुमारा कानाआधी छातीत शिरणारा. लोक गर्दीत नाचायचे, तू मात्र एका ढोलाच्या अगदी शेजारी, तळवा पोटावर ठेवून उभा राहायचास. तुला लय नको असायची. तुला दोन ठोक्यांमधली जागा हवी असायची.

त्याच जागेसाठी आपण 2017 च्या थंडीत करवंदच्या धरणावर गेलो होतो. बेल विच या सिॲटलच्या दोघांचा ‘मिरर रीपर’. एकच गाणं, त्र्याऐंशी मिनिटांचं. गिटार नाहीच, फक्त बेस, ड्रम आणि ऑर्गन. त्यांचा जुना साथीदार एड्रियन गेरा 2016 मध्ये गेला, आणि गाण्याच्या मधोमध त्यांनी त्याचा आवाज ठेवला, आधीच्या एका रेकॉर्डिंगमधून वापरायचा राहिलेला. मेलेला माणूस मित्रांच्या गाण्यात येतो, थोडा वेळ गातो आणि जातो. आपण अंगावर एकच घोंगडी घेऊन बसलो होतो. तो आवाज आला तेव्हा तू हेडफोनची एक बाजू काढून पाण्याकडे बघत राहिलास. शेवटपर्यंत आपण बोललो नाही. घरी येताना अरुणावतीच्या पुलावर गाडी थांबवून तू एवढंच म्हणालास, ‘असं करता यायला पाहिजे भो, आपल्या माणसासाठी.’

मग 2019. पुण्याच्या वीकेंडर महोत्सवाला ओपेथ येणार म्हणून आपण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो. मंचावर ओकरफेल्टनं जुनी गाणी त्याच गुरगुरत्या आवाजात गायली आणि तू मला कोपर मारून ओरडलास की गळा शाबूत आहे, आता फक्त मन व्हायचं बाकी. परतीच्या वाटेवर धुळ्यापर्यंत तू हेच सांगत होतास. तुझं बरोबर होतं. हे मी तुला कसं कळवू?

म्हणून इथं सांगतो, तू गेल्यावर काय काय आलं ते. तुझ्यासाठी पहिली घागर 10 मे 2024 ला, अक्षय्य तृतीयेच्या आखाजीला भरली, तुझ्या धाकट्या भावानं. बरोबर सात दिवसांनी पॉलबेअररचा ‘माइंड बर्न्स अलाइव्ह’ आला. आर्कन्सॉची ही मंडळी तुझी लाडकी. या वेळी त्यांनी आवाज खाली आणलाय, गिटारची भिंत मोडून मधे अंगण सोडलंय. कितीतरी वेळ नुसती गाण्याची ओळ आणि एकटी तार. काहींना हे मवाळ वाटलं. माझ्या मते त्यांचं हे सगळ्यांत धीट काम आहे, कारण दडायला जागाच ठेवलेली नाही. माय डाइंग ब्राइडचा ‘अ मॉर्टल बाइंडिंग’ मी एकदाच ऐकला. व्हायोलिन अजून तसंच कातरतं आणि मला ते सोसवलं नाही. ड्रीम थिएटरमध्ये माइक पोर्टनॉय परतला, 2009 नंतर त्याच्यासोबतचा पहिला अल्बम 2025 च्या फेब्रुवारीत आला, त्यात कसब पुष्कळ आहे. स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’ दोनच लांब गाण्यांचा, अंतराळातून पृथ्वी बघणाऱ्याच्या नजरेचा. तो रात्री गच्चीवरच ऐकायचा अल्बम आहे. आणि 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये, स्वतःच्या गावी, ब्लॅक सॅबथचा ऑझी खुर्चीत बसून शेवटचं गायला. आयोमी शेजारी होता. सतरा दिवसांनी ऑझी गेला. तू असतास तर त्या दिवशी दुकान उघडलं नसतंस.

पण मी पुन्हा पुन्हा ओपेथकडेच जातो. त्या अल्बममध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातल्या एका श्रीमंत घरातलं मृत्युपत्र वाचलं जातं. बाप मेलेला, मुलं जमलेली, एकेक कलम वाचलं जातं आणि प्रत्येक कलमातून घरातलं एकेक गुपित बाहेर पडतं. गाण्यांना नावं नाहीत, कलमांचे आकडे आहेत. शेवटच्या एका गाण्याला तेवढं नाव आहे. मधूनमधून जेथ्रो टलच्या इयान अँडरसनचं निवेदन आहे, त्याची बासरी आहे. तो गुरगुरता आवाज म्हणजे मेलेल्या बापाचा आवाज. सोळा वर्षं तो आवाज का थांबला होता ते मला माहीत नाही, पण तो परत यायला अशीच जागा हवी होती, एवढं मला पटलं. आपल्याकडे तेराव्यानंतर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर वारस लावतात. तुझ्या नावावर जमीन नव्हती. दुकान भाड्याचं. मागं राहिली ती एक टेराबाइटची हार्ड डिस्क, जुन्या रुमालात बांधलेली.

ती मला मावशीनं, तुझ्या आईनं दिली. आखाजीच्या त्या पहिल्या घागरीजवळच, डांगर आणि सांजोऱ्या मांडून झाल्यावर. ‘माले काय समजस त्यामातलं, तूच लई जाय बेटा,’ म्हणाली. मग मी उंबऱ्याबाहेर पडताना मागून विचारलं, ‘त्यामा मन्हा पोऱ्याना आवाज शे का?’

मला उत्तर देता आलं नाही. सगळी डिस्क चाळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. मी भरभर चाळली नाही; तुझा नियम पाळला, प्रत्येक अल्बम सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकला. ‘रात्र’मधले शेकडो अल्बम, त्यातल्या कितीतरींच्या नावापुढं तू कंसात टाकलेला महिना, आपण तो कधी ऐकला त्याचा. त्यांतल्या कुठल्याच फाइलमध्ये तू नव्हतास. गाणी भरून देणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज कुठंच ठेवलेला नव्हता. व्हॉट्सॲपवरचे तुझे निरोपही माझा जुना फोन बिघडला तेव्हाच गेले होते.

मग 2025 च्या मार्चमध्ये, भोंगऱ्याच्याच दिवसांत, ‘लग्न’ या फोल्डरमध्ये एक फाइल सापडली. चुकून तिथं पडलेली असणार. नावाऐवजी नुसते आकडे. मोबाईलवर रेकॉर्ड केलेला ढोल, वाऱ्याची फडफड, लांबून पिपाण्या, कुणाचं तरी हसणं. आणि ढोल सुरू व्हायच्या आधी, अगदी माइकला तोंड लावून, तू.

30 एप्रिल 2025 ला आखाजी होती. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. माहेरी आलेल्या पोरी शेजारच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर गात होत्या. घागर भरून झाली, आगारी टाकून झाली. मी मावशीच्या शेजारी जमिनीवर बसलो, तुझे हेडफोन तिच्या कानांवर पदरावरूनच बसवले आणि फाइल लावली. ती चार मिनिटं अकरा सेकंदांची आहे. तिनं ती पूर्ण ऐकली. मग दुसऱ्यांदा लावायला सांगितली.

तुझा आवाज त्यात सुरुवातीलाच आहे, एकदाच. तू म्हणतोस, ‘ऐक भो.’