एकाच पायरीवर दोन ऋतू

देशातील अतिथंड गावांत लडाखमधील द्रासचे नाव आघाडीवर असते. तेथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. राजस्थानातील फलोदीने मे २०१६ मध्ये ५१ अंशांची नोंद केली. ही दोन गावे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर. काशीत मात्र कडाक्याची थंडी आणि रणरणते ऊन एकाच पायरीवर भेटतात.

ती पायरी अमृतराव घाटाची. रघुनाथरावांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे यांनी १८०७ च्या सुमारास हा दगडी घाट बांधविला. आज तो राजा घाट म्हणून ओळखला जातो. घाटाचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळचे ऊन थेट दगडांवर येते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, ‘लू’ वाहू लागते आणि अनवाणी पाय पोळतात. जानेवारीत याच उन्हाची माणसे वाट पाहत बसतात.

पुणेकर फसतो तो इथेच. जानेवारीतली पुण्याची रात्र १२ अंशांच्या आसपास असली, तरी दुपार ३० अंशांपर्यंत चढते. काशीत दाट धुके पडले, की दुपारही १५ अंशांवर अडते. समुद्र दूर, सपाट मैदान आणि उत्तरेकडून येणारे गार वारे, यांचा हा परिणाम.

म्हणून वृद्ध आईवडिलांना काशीयात्रा घडवायची तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी निवडावा. जानेवारीत केवळ शालीवर भागत नाही. स्वेटर, कानटोपी हवीच. मे महिन्यात स्नान पहाटेच उरकावे. पुण्य तितकेच लाभते, प्रकृतीही सांभाळली जाते!