पदकं आणि टोमणे

न लढता मिळालेल्या पदकाला टोपणनाव देण्याचं काम सैन्यात शिपाई करतात. शिफारस वरून होते, यादी वर ठरते; खालच्याच्या हातात टोमणा तेवढा उरतो. म्हणून मला हे शब्द मोलाचे वाटतात.

*

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा नाइट्स क्रॉस गळ्यात घालत. त्यासाठी हपापलेल्या अधिकाऱ्याबद्दल शिपाई म्हणत, ‘साहेबांचा घसा दुखतोय.’ या बोलण्यात धास्ती आहे. साहेबाला पदक हवं म्हणजे नको त्या टेकडीवर चढाई, आणि मरायला आपण.

*

1941-42च्या हिवाळ्यात रशियात लढलेल्यांसाठी जर्मनीने 1942च्या मे महिन्यात पदक काढलं. हिमदंश झालेल्यांनाही ते मिळे. शिपायांनी त्याचं नाव ठेवलं ‘गोठल्या मांसाचं पदक’. आक्रमण करणाऱ्या सैन्याचा मला कळवळा नाही. तरीही थंडीचे पुरेसे कपडे न देता माणसं पाठवायची आणि नंतर बिल्ला वाटायचा, यावर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

*

अमेरिकेत 1953 साली निघालेलं राष्ट्रीय संरक्षण सेवा पदक ठरावीक काळात नोकरीत असलेल्या जवळपास सगळ्यांना मिळतं. नौदलात त्याला ‘गीडंक’ म्हणतात, म्हणजे जहाजावरच्या कँटीनमधला खाऊ. ग्रेनाडाचं प्रकरण याहून वाईट. 1983 साली अमेरिकेने त्या बेटावर चढाई केली; लष्कराचे उतरले सुमारे सात हजार, पदकं वाटली आठ हजारांवर. काही तर पेंटागॉनमध्ये बसलेल्यांना गेली.

*

पण टोमणा नेहमी वरच जातो असं नाही.

सोव्हिएत सैन्यात लाखो बायका होत्या : परिचारिका, तारायंत्रवाल्या, नेमबाज, वैमानिक. ‘युद्धातील कामगिरीसाठी’ हे 1938 सालचं पदक त्यांतल्या अनेकींना मिळालं. काही अधिकाऱ्यांनी आपल्या आघाडीवरच्या मैत्रिणींनाही ते दिलं असेल. तेवढ्यावरून पुरुषांनी पदकाच्या नावाची मोडतोड केली आणि ते बिछान्यातल्या सेवेचं पदक करून टाकलं. गोळीबारात जखमींना ओढून आणणारी मुलगीही त्या शब्दातून सुटली नाही. लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी पुढे या बायकांना बोलतं केलं. युद्धावर होतो हेच कित्येकींनी लपवलं होतं. पदकं लावायची त्यांना लाज वाटे.

साहेबाच्या घशाची थट्टा शिपायाच्या हक्काची होती. ही मात्र निव्वळ बदनामी होती, आणि ती करणारे या बायकांच्याच बाजूचे होते.