वाळ्याच्या ताटीपासून रेडिएटरपर्यंत

नव्वदच्या दशकात खामगावात कॉम्प्युटर क्लास निघाले, तेव्हा गार करायची ती खोली. चपला बाहेर, पडदे ओढलेले, मॉनिटरवर कापडी खोळ आणि खिडकीत पत्र्याचा कूलर. १९९३चा पहिला पेंटियम साधारण पंधरा वॅट उष्णता सोडायचा. त्याला बोटभर पंखा पुरे व्हायचा. आज माझा पुतण्या ज्या इंटेल आय-नाइन १३९००केवर व्हिडिओ एडिटिंग करतो, तो पूर्ण जोरात चालला की २५३ वॅटपर्यंत जातो. म्हणून त्यानं पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा लूप बांधला. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवानंच थंड होतो, हे तो मोठ्या अभिमानानं सांगतो.

कूलरची तयारी होळीनंतर सुरू व्हायची. जुनं गवत झटकायचं, जाळीत नवं ठासायचं; ऐपत असेल त्यानं वाळा भरायचा. पहिलं पाणी पडलं की त्या वाळ्याचा जो वास सुटायचा, त्याची सर कुठल्याच यंत्राला नाही. पंप, पंखा, पॅड सगळं पारखून घेता यायचं. पाणी मात्र नशिबात असेल तेच. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा. शेगाव-संग्रामपूरकडच्या पाहुण्यांकडे बोअरचं पाणी कूलरला लावलं की उन्हाळा सरेपर्यंत गवतावर पांढरी खपली धरायची, पंपाची पाती अडकायची. गोडं पाणी प्यायलाच पुरत नसे, कूलरमध्ये कोण ओतणार?

पुतण्यानं लूपसाठी सगळ्यात आधी पाण्याचाच विचार केला, याचं मला फार कौतुक वाटलं. शुद्ध डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं तयार मिश्रण. प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधल्या खाचा केसाइतक्या बारीक. तिथं क्षाराचा थर बसला तर पाणीच अडतं. ब्लॉक तांब्याचा, म्हणून रेडिएटरही तांब्या-पितळेचा घेतला. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रंगीत, दुधट कूलंट दिसायला देखणे, पण त्यातले कण पुढे तळाशी बसतात. ते त्यानं घेतले नाहीत.

एक गोष्ट मात्र जुन्या कूलरलाच जमायची. कोरड्या मे महिन्यात पाण्याची वाफ होऊन तो हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवायचा. लूपला ते शक्य नाही. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीत ४२ अंश असतील तर कामाच्या भरात लूपमधलं पाणी पन्नाशी ओलांडतं, आणि नावाजलेल्या डी-५ पंपाची मर्यादा ६० अंशांची. काचेसारख्या दिसणाऱ्या पीईटीजीच्या नळ्याही तेवढ्या उष्णतेला मऊ पडू लागतात.

म्हणून खामगाव-मलकापूरकडे लूप बांधणाऱ्यानं नळी काळ्या ईपीडीएम रबराची घ्यावी, रेडिएटर परवडेल तेवढा मोठा घ्यावा आणि शोभेच्या दिव्यांवरचा खर्च वाचवावा. बुलढाणा शहर घाटावर, हवा जरा थंड; तिथं थोडा लहान रेडिएटर चालून जाईल. कूलर शेजारच्या खोलीत लावून दार उघडं ठेवावं. त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. आमचे क्लासवाले तेव्हाही तेच सांगायचे.