पाणी तोडा!

नोव्हेंबरात आमची हापूसची बाग सांभाळणाऱ्या तात्यांनी मोठ्या कलमांचं पाणी बंद केलं आणि माझं डोकं चालेनासं झालं. जमीन तापलेली, झाडं धडधाकट, विहिरीत पाणी आहे आणि द्यायचं नाही!

माझी नोकरी चहाच्या कंपनीत, मुंबईच्या हापिसात. फिरतीवर जोरहाटकडे जाणं व्हायचं. आसामात नोव्हेंबर ते मार्च कोरडे जातात. तेव्हा तुषार सिंचन असलेले मळे लवकर फुटतात आणि मोसमाच्या पहिल्या खुडणीला जोर येतो. ओल नसेल तर कोंब निजतो, त्याला तिकडे ‘बांझी’ म्हणतात. पावसाळ्यात मात्र मुळाशी पाणी साचू नये म्हणून तिथेच चर खणतात. एवढ्या शिदोरीवर मी राजापुरात आमच्या कातळावरच्या हापूसकडे बघायला आलो. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आम्लधर्मी जांभा, म्हणजे चहाच लावावा असंही एकदा मनात आलं. पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळून अर्जुना नदीतून खाली जातो. चहाला बारमाही ओल लागते, आणि कातळ ती धरत नाही.

“भाऊ, आता पानी दिलंत तर पालवी येल, मोहोर नाय,” तात्या म्हणाले.

चहाचं पीक म्हणजे कोवळा शेंडाच. फूल आलं तर नुकसान. आंब्याला जून, पक्की काडी हवी. पावसानंतरचा कोरडेपणा आणि थंडी मिळाली की त्या काडीतून मोहोर येतो. ओल मिळाली की झाड पानांकडे वळतं. मळ्यात ज्यासाठी पंप लावायचे, तेच इथे टाळायचं.

एवढं कळतंय तोवर तात्या नव्या कलमांना घागरीने पाणी घालताना दिसले! या कलमांना मोहोर नकोच, जगायचंय. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की पहिल्या वर्षी आठवड्याला, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला, तिसऱ्या वर्षी महिन्याला कलमामागे तीस लिटर. आणि मोठ्या झाडांना फळं वाटाण्याएवढी झाली की पुन्हा पाणी, दर पंधरा दिवसांनी दीडशे ते दोनशे लिटर, तीन-चार वेळा. त्याने फळगळ कमी होते, फळ पोसतं. काढणी जवळ आली की पुन्हा बंद. एकाच बागेत तीन नियम. वहीत मी रंगीत पेनांनी खुणा केल्यात.

आता वाटाणा धरलाय. चाळीस झाडं गुणिले दीडशे, सहा हजार लिटर एका पाळीला, आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायला लागलीय. उन्हाळे गावच्या गंगेच्या झऱ्याचा भरवसा धरावा तर ती मनाला येईल तेव्हा उगवते. मी कॅल्क्युलेटर काढून प्रत्येक झाडाला सारखं वाटप करत बसलो होतो. तात्यांनी पाइप उचलला, फळ टिकलेल्या झाडांच्या फांद्यांना सुतळी बांधली आणि बाकीची सोडून दिली. सोडलेल्यांत माझ्या आजोबांच्या हातचं कलमही आहे. त्याला एक पाळी तरी द्या, यावर आमची घासाघीस अजून चालू आहे.