एआय शिकायचेच, पण पैसे कुठे घालायचे?



पुण्यात पूर्वी विजेच्या खांबाखांबावर एमपीएससीच्या क्लासच्या जाहिराती असायच्या. आता त्यांच्या शेजारी दुसरी जाहिरात आली आहे. 'एआय शिका, सहा महिन्यांत करिअर घडवा.' 'एआय शिका, धंदा दुप्पट करा.' आमच्या कसबा पेठेतल्या अभ्यासिकांच्या जिन्यापर्यंत ही पत्रके पोहोचली आहेत. जी पोरे काल तलाठी भरतीची पुस्तके घेऊन बसत होती, त्यांच्यापैकी कित्येक आज विचारतात, 'सर, एआयचा कोर्स करू का?'

आपल्याकडे या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणते, हे भांडवलदारांचे यंत्र आहे, नोकऱ्या खाणार, आपण यापासून लांब राहावे. दुसरे म्हणते, काळाबरोबर चला, मिळेल तो कोर्स करा. माझ्या मते दोन्ही उत्तरे आपल्या समाजाला महागात पडणारी आहेत.

पहिल्या उत्तराचा समाचार आधी घेऊ. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी अस्पृश्य समाजाच्या तक्रारींचे एक निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आजच्या प्रत्येक तरुणाने वाचावा. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या मुलांचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, अशी त्यांची मांडणी होती. त्यासाठी त्यांनी वर्षाला दोन लाख रुपये देशातल्या शिक्षणाला आणि एक लाख रुपये परदेशातल्या शिक्षणाला मागितले. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, हीही मागणी केली. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस समाजासाठी यंत्रविद्या मागत होता. त्या काळातली नवी ताकद कुठे आहे हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा 'एआय आपल्यासाठी नाही' असे कोणी म्हणत असेल, तर त्याने निदान बाबासाहेबांचे नाव घेऊन म्हणू नये.

दुसरे उत्तर जास्त फसवे आहे. ते समजायला आमच्या पेठेतून एक चक्कर मारा. ही पुण्यातली सर्वात जुनी वस्ती. इथे तांबट आळी आहे, शिंपी आळी आहे, कुंभारवाडा आहे. तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडताना ऐकू येतात. पर्यटक याला वारसा म्हणतात. आपण तिथे आणखी एक गोष्ट वाचली पाहिजे : कोणी काय काम करायचे हे जन्माने ठरत होते आणि रस्त्याच्या नावावर कोरले जात होते. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळे करून एकमेकांच्या वर-खाली बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले.

एआयमध्येही आता आळ्या पडत आहेत. सगळ्यात वर प्रणाली घडवणारे, त्याखाली त्या प्रणालीवर धंदा उभारणारे, त्याखाली ती वापरून कंपनीचे काम करणारे. सगळ्यात खाली तासन्‌तास चित्रांना खुणा करणारी, आवाज ऐकून मजकूर टाइप करणारी, किळसवाणा मजकूर वेचून बाजूला काढणारी माणसे. ते कामही कष्टाचे आहे, पण त्यातून वर जायला जिना नाही. आपली मुले कोणत्या आळीत जाणार, हा खरा प्रश्न आहे. सहा महिन्यांचा कोर्स बहुतेकदा तुम्हाला तिसऱ्या आळीच्या दारात उभे करतो आणि त्या दारात आधीच मोठी रांग आहे.

हा प्रश्न माझ्या घरातच आला. माझा भाचा बीकॉम झालेला. एका खासगी संस्थेचे पत्रक घेऊन आला. फी एक लाख चाळीस हजार. फायनान्स कंपनीचे कर्ज, चोवीस हप्ते, दर हप्ता साडेसहा हजारांच्या पुढे. माझी बहीण मेसमध्ये पोळ्या लाटते. बचत गटात तिचे चाळीस हजार साठले होते, ते भरून बाकीचे कर्ज काढायचे ठरले होते. 'मामा, भरू ना?' एवढेच त्याने विचारले.

मी त्याला म्हणालो, तिथे जाऊन चार गोष्टी विचारून ये. गणित आणि संख्याशास्त्र किती तास शिकवणार? शिकवणाऱ्याने स्वतः काय बनवले आहे? मागच्या तुकडीतल्या पाच मुलांशी बोलता येईल का? मध्येच सोडावे लागले तर हप्ते थांबणार का, आणि ते लेखी देणार का? तो परत आला तेव्हा त्याच्याकडे एकाच प्रश्नाचे उत्तर होते : हप्ते थांबणार नाहीत.

बहीण माझ्यावर चिडली. 'दादा, तुझ्या भाषणांनी पोराला नोकरी लागणार आहे का? त्याच्या मित्राला लागली ना कोर्स करून!' तिचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. वीस वर्षे पोळ्या लाटून साठवलेला पैसा मुलाच्या शिक्षणावर लावायची तिची तयारी, हीच आपल्या चळवळीची कमाई आहे.

आणि कर्ज काढून शिकणे यात काही वाईटही नाही. १९२० मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब लंडनला गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज एवढ्या जोरावर. पण त्या कर्जातून त्यांनी काय घेतले? डीएससी आणि बॅरिस्टरी. कोणी हिरावून घेऊ शकणार नाही असे ज्ञान घेतले. कर्ज काढायचे तर असा भांडवली खर्च करायचा. चॅटबॉटला प्रश्न कसा विचारावा हे शिकायला दीड लाख लागत नाहीत. संगणक चालवता येणे ही एकेकाळी मोठी गोष्ट होती, पुढे ती अर्जातली एक साधी अट झाली. एआय वापरता येण्याचेही तेच होणार आहे. टिकेल ते खालचे : गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग, इंग्रजी वाचण्याची सवय आणि एखाद्या व्यवसायाची खोल माहिती.

यातले बरेचसे फुकट किंवा स्वस्तात मिळते. केंद्र सरकारच्या स्वयम् आणि आयआयटींच्या एनपीटीईएलवर अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२१ पासून सुरू आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना फीत मोठी सवलत आहे. बार्टी पुण्यातच आहे. तिथे जाऊन कोणती प्रशिक्षणे चालू आहेत ते विचारा, एआयचे नसेल तर मागणीचे निवेदन द्या. शैक्षणिक कर्जासाठी फायनान्स कंपनीच्या आधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या दारात जा. धंद्याची कल्पना असेल तर अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेले आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन आहे. त्यात निवडलेल्या कल्पनेला तीन वर्षांत तीस लाखांपर्यंत भांडवलाची तरतूद आहे. २००५ मध्ये उभी राहिलेली दलित उद्योजकांची 'डिक्की' याच शहरातली. ही दारे ठोठवायला आपली मुले जात नाहीत, कारण त्यांची पत्रके जिन्यावर पडत नाहीत.

धंद्याबद्दल थोडे. जोतीराव फुले कंत्राटदार होते, कमावत होते आणि ते पैसे समाजाच्या कामाला लावत होते. धंदा करणे चळवळीच्या विरोधात नाही. पण एआयचा धंदा एआयमधून सुरू होत नाही, लोकांच्या अडचणीतून सुरू होतो. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकला, जात पडताळणीला कोणता पुरावा कमी पडतोय, हे समजावून सांगणारी नीट मराठी सेवा किती जणांना हवी आहे! ही अडचण आपल्याइतकी कोणाला माहीत आहे? मात्र हे यंत्र चुकीचे उत्तरही ठाम आवाजात देते. म्हणून कायदा जाणणारा माणूस सोबत हवाच.

आणखी एक कारण आहे, ते पोटापाण्याच्या पलीकडचे. ही यंत्रे जे लिहिले गेले आहे त्यावरून शिकतात. लिहिणारे कोण होते, हे आपल्याला सांगायला नको. २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने तपासून दाखवले की ओपनएआयच्या प्रणाली जातीबद्दलचे जुनेच समज पुन्हा सांगतात : हुशारी एका जातीच्या नावावर, गटारसफाई दुसऱ्या. उद्या नोकरीचे अर्ज आणि कर्जाची प्रकरणे अशीच यंत्रे चाळणार असतील, तर त्यांची तपासणी करणाऱ्या खोलीत आपला माणूस नको का?

भाच्याने तो कोर्स घेतला नाही. बहिणीच्या बचतीतले बावीस हजार देऊन वापरलेला लॅपटॉप घेतला. सकाळी तो एका दुकानात हिशेब लिहितो, रात्री अभ्यासिकेत संख्याशास्त्र आणि पायथॉन शिकतो. मोठी नोकरी अजून लागलेली नाही. तांब्याची भांडी विकणाऱ्या एका दुकानदाराची यादी त्याने तीन भाषांत तयार करून दिली, चार हजार मिळाले. बहीण अजून पूर्ण पटलेली नाही, आणि तिला पटवायला माझा लेख नाही, त्याची कमाईच लागेल.

पण एकट्या बहिणीच्या चाळीस हजारांवर हा भार का? आपण जयंतीला वर्गणी काढतो, डीजे लावतो. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने वर्गणीचा चौथा हिस्सा बाजूला काढावा. त्यातून दोन-तीन लॅपटॉप, चांगले इंटरनेट आणि बुद्धविहारातली एक खोली. हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्या आपल्या अभियंत्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणजे आणखी काय असते? प्रत्येक घराने एकेकटे कर्ज काढून एकेक प्रमाणपत्र विकत घेण्यापेक्षा एका वस्तीने मिळून दहा मुले पक्की तयार केली, तर ती पुढच्या दहांना शिकवतील.

शिका म्हणताना बाबासाहेबांनी संघटित व्हा असेही सांगितले. एआयच्या बाबतीत आपण पहिला शब्द पाठ केला आहे. दुसऱ्या शब्दाला पैसे काढायची वेळ आली आहे.

जय भीम.