डावा पंख

२०२२ च्या दिवाळीपासून पुढे जवळजवळ दीड वर्ष आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसावे लागे, कारण पुढच्या खोलीत विमान होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या खोल्या काही लहान नसतात. परंतु ज्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत नऊ फूट भरतात, त्याला त्या पुरत नाहीत. आमच्या सौभाग्यवतींनी संक्रांतीचे हळदीकुंकू शेजारच्या काकूंकडे हलविले आणि मला एवढेच विचारले, "हे उडणार आहे, की आता येथेच राहणार आहे?"

मराठीत एम. ए. झालेल्या, सरकारी शाळेत हिंदी शिकवीत शिकवीत मुख्याध्यापक झालेल्या माणसाने हा उद्योग का आरंभावा? लहानपणी इंदूरला आजोळच्या गच्चीवरून एक इवलेसे विमान संथपणे जाताना पाहिले होते. मामा म्हणाले, "ते पुष्पक." रामायणातले पुष्पक ठाऊक होते, त्याच नावाचे खरे विमान असते आणि ते आपल्या डोक्यावरून जाते, याचा जो अचंबा तेव्हा वाटला, तो पन्नाशी उलटली तरी विरला नाही.

हे पुष्पक बंगळूरच्या कारखान्यात बनले. १९५८ साली त्याने पहिले उड्डाण केले. शेजारी शेजारी दोन आसने, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. देशातल्या फ्लाइंग क्लबांमधून कितीतरी तरुण त्यावर उडायला शिकले. त्याच्या मागे होते डॉ. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूरकडचा हा माणूस गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान त्याने देशाला दिले. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत १८९५ साली चौपाटीवर विमान उडाल्याची कथा दरवर्षी कोणी ना कोणी सांगतोच. त्या कथेला भक्कम पुरावा नाही. घाटग्यांच्या विमानांना आहे, पण त्यांचे नाव घेताना मी अजून कोणाला ऐकलेले नाही. असो.

पुष्पकाचे पंख छत्तीस फुटांचे. त्याच्या चतुर्थांशाने करायचे म्हणजे नऊ फूट. रेखाटने जमविली, बाल्सा लाकूड मागविले आणि पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले की पुस्तके वाचलेल्या हाताला करवत धरता येत नाही. तेव्हा मी आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाला बोलावले. त्याचे वडील सुतार. वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर, बोलणे जेमतेम, हिंदीच्या उत्तरपत्रिका लाल शाईने भरलेल्या. त्यांतली बरीच शाई माझीच. पण बाल्साची फळी त्याने हातात घेतली, तळव्यावर तोलली आणि म्हणाला, "सर, ही पंखाला. ती जड आहे, ती पुढे इंजिनाजवळ लावू." मला दोन्ही फळ्या सारख्याच दिसत होत्या. काट्यावर ठेवल्या, तर तोच बरोबर.

पुढचे सोळा महिने आम्ही दोघे रविवारी त्या खोलीत बसलो. रेखाटन पाटावर पसरायचे, त्यावर पातळ प्लॅस्टिक, आणि त्यावर एकेक फासळी टाचण्यांनी उभी करून डिंकाने जोडायची. डावा पंख त्याने करायचा, उजवा मी. पंखाच्या टोकाची मागची कड दोन अंश वर उचललेली ठेवावी लागते. म्हणजे वेग कमी झाला तरी टोके आधी निकामी होत नाहीत आणि विमान एका अंगावर कलंडत नाही. हा पीळ दोन्ही पंखांना तंतोतंत सारखा हवा. त्याने वडिलांच्या दुकानातून एक पट्टी तासून आणली आणि ती खाली सरकवून पीळ मोजून घेतला. मी माझा पीळ नजरेने घेतला. कापड चढविताना घरातली इस्त्री कामास आली; त्या इस्त्रीबद्दल घरात जे बोलणे झाले ते येथे छापण्याजोगे नाही.

मग पोटातले सामान. पस्तीस सीसीचे पेट्रोल इंजिन, शेपटीच्या व पंखांच्या झडपा हलविणाऱ्या सर्व्हो मोटरी, रिसीव्हर, आणि इंजिनाच्या ठिणगीसाठी वेगळी बॅटरी, कारण तिची खरखर रिसीव्हरपासून दूर राहिलेली बरी. ट्रान्समीटरशी संपर्क तुटलाच तर इंजिन आपोआप मंद व्हावे, अशी सोय केली. सगळे झाल्यावर विमान दोन बोटांवर तोलून पाहिले, तर शेपूट खाली! तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे अकरा सेंटिमीटरवर यायला हवा होता. नाकात तीनशे ग्रॅम शिसे भरले, तेव्हा कुठे ते सरळ राहिले. एकूण वजन आठ किलो. मुलाने एका प्लायच्या तुकड्यावर उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टी आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून काढल्या. त्यातली चौथी ओळ होती: दांडी उजवीकडे, तर उजव्या पंखाची झडप वर. मी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या.

मार्च २०२४ मध्ये त्याची दहावीची परीक्षा संपली आणि आम्ही दिवस ठरविला. ग्वाल्हेरचा वायुसेनेचा तळ मोठा, तेव्हा शहराजवळ हे करणे शक्यच नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशात जेथे हिरवा रंग, तेथेच एकशेवीस मीटरपर्यंत उडवायचे. डबऱ्याच्या वाटेवर, एका ओळखीच्या शेतकऱ्याचे मोहरी काढून मोकळे झालेले शेत मिळाले. वायुसेनेतून निवृत्त झालेले एक स्नेही उडविणार होते; परवाना आणि अनुभव दोन्ही त्यांच्याजवळ. दोन्ही पंख आदल्या दिवशीच मुलाच्या घरी नेऊन ठेवले होते, कारण त्याचे वडील आपल्या टेम्पोतून ते आणणार होते.

आदल्या रात्री मला झोप येईना. ट्रान्समीटर काढला, आतल्या नोंदी नीट लावाव्या म्हणून पुसल्या आणि पुन्हा भरल्या. शेपटीच्या झडपा हलवून पाहिल्या. पंख तेथे नव्हतेच.

सकाळी वारा नव्हता. शेतकरी, त्याचे भाऊबंद, पोरेटोरे असे चाळीसेक लोक जमले. पंख बसविले, तारा जोडल्या, झडपा हललेल्या सर्वांनी पाहिल्या. मुलगा प्लायचा तुकडा घेऊन माझ्याजवळ आला. "सर, एक बार देख लें?" मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "रात्री सगळे पाहिले आहे." स्नेह्यांनी विचारले, तेव्हाही मी तेच सांगितले.

पुष्पक धावले आणि जमीन सोडून वर गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या. वीसेक मीटरवर डावा पंख किंचित खाली आला. स्नेह्यांनी उजवीकडे सावरले, तसा तो अधिकच खाली गेला. त्यांनी अधिक सावरले, आणि विमान उलटे होऊन नाकावर कोसळले. पाच सेकंद असतील. नाक मातीत रुतलेले, डावा पंख तीन ठिकाणी मोडलेला.

स्नेही एवढेच म्हणाले, "हाताचे ऐकत नव्हते." आणि मी, तीस वर्षे मुलांना वाणीच्या संयमाचे धडे देणारा, त्या चाळीस माणसांदेखत आणि त्याच्या वडिलांदेखत म्हणालो, "डाव्या पंखाला पीळ चुकीचा दिलास."

मुलगा काही बोलला नाही. त्याचे वडील खाली वाकून तुकडे गोळा करू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्साब, लकड़ी तो सीधी थी।"

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्याही पुढच्या रविवारी आला नाही. तिसऱ्या रविवारी, निदान इंजिन तरी वाचवावे म्हणून मी सांगाडा उघडला. रिसीव्हर शाबूत होता. बॅटरी जोडली, मोडक्या पंखांच्या तारा लावल्या आणि सहज दांडी उजवीकडे केली. उजव्या पंखाची झडप खाली गेली. पुन्हा केली. पुन्हा खाली. रात्री पुन्हा भरलेल्या नोंदींत पंखांची दिशा मी उलटी ठेवली होती. डाव्या पंखाचे टोक सुदैवाने अखंड होते. त्याचा पीळ मोजला. बरोबर दोन अंश. उजव्याचाही मोजला. तो आकडा मी येथे देत नाही.

सौ. दारात उभ्या होत्या. "काय झाले?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग येथे काय बसला आहात?"

सुताराच्या दुकानापर्यंत वीस मिनिटांची वाट आहे. मला तासभर लागला. वाटेत कितीतरी वाक्ये जुळविली. हे त्याला शाळेत, माझ्या खोलीत बोलावून सांगितले तर, असाही एक विचार मनात येऊन गेला. पण आरोप वडिलांदेखत केला होता. दुकानात एक गिऱ्हाईकही बसले होते. जुळविलेले एकही वाक्य आठवले नाही. मी म्हणालो, "चूक माझी होती. पंख बरोबर होता. तू तपासायला सांगितलेस आणि मी तपासले नाही." वडिलांनी करवत खाली ठेवली. मुलगा लाकडाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "दिशा उलटी होती का?"

"तुला ठाऊक होते?"

"त्याच दिवशी वाटले होते, सर. विमान ज्या बाजूला गेले, त्यावरून."

का बोलला नाहीस, असे मी विचारले नाही. त्याचे उत्तर मला माहीत होते. वडिलांनी चहा मागविला. गिऱ्हाइकाला हे सारे काय चालले आहे ते कळेना.

नवे पंख व्हायला दहा महिने लागले. या खेपेस दोन्ही त्यानेच केले. मी फासळ्यांना पॉलिश पेपर मारला. मार्च २०२५ मध्ये आम्ही त्याच शेतात गेलो. या वेळी माणसे थोडी होती, आणि सौभाग्यवती प्रथमच आल्या होत्या, डब्यात लाडू घेऊन. मुलाने प्लायचा तुकडा काढला आणि तो माझ्या हातात न देता स्वतःच मोठ्याने वाचू लागला. चौथ्या ओळीशी थांबून त्याने माझ्याकडे पाहिले.

"सर, दांडी उजवीकडे."

मी दांडी उजवीकडे केली, विमानाच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "उजवी झडप वर."

"डावी?"

"खाली."

"आता डावीकडे करा, सर," तो म्हणाला.